दोन हाकांचा माणूस

पुलावरून नदी कळत नाही. दौंडच्या बाजूनं मोटार पुलावर चढली, काचेतून थोडं हिरवट पाणी दिसलं, दोन्ही काठांना ऊस दिसला, आणि माझा भाचा सुभाष म्हणाला, "आलो बघ आत्या, शिरूरच्या हद्दीत." मी मांडीवरचा तांब्याचा कलश घट्ट धरला. माझ्या वडिलांना, बापूंना, ही नदी अशी ओलांडणं फार उशिरा मिळालं. पाय न भिजवता आणि कुणाला हाक न मारता.

पुलाच्या टोकाला मी गाडी थांबवायला सांगितली. जुना उतार तिथून जरा खालच्या अंगाला होता. सुभाषला 'उतार' हा शब्दही माहीत नव्हता. जिथं नाव लागते, जिथं नदी माणसाला उतरू देते, ती जागा, असं मी सांगितलं. तो "हं" म्हणाला आणि बॉनेट उघडून गाडीत पाणी घालायला लागला. मी एकटीच वेड्या बाभळींतून खाली उतरले. पाण्याच्या मोटारींचे काळे पाइप आडवेतिडवे पडले होते. आमच्या वखारीच्या जोत्याचे चार दगड तेवढे ओळखीचे निघाले.

मी पुण्यात एका शाळेत भूगोल शिकवला. मुलींच्या वहीत निळ्या पेन्सिलीनं भीमा काढून घेतली. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, नदीच्या दोन्ही बाजूंची माणसं सारखीच असतात ना?" मी "हो" म्हणाले आणि फळ्याकडे तोंड केलं.

आमचं मांडवगण घोड आणि भीमा या दोन नद्यांच्या बेचक्यात. घोड ओलांडली की नगर जिल्हा आणि त्याच्याही पलीकडे मोगलाई. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, इंग्रजही गेले होते, पण शब्द गेले नव्हते. म्हातारी माणसं अजून 'मोगलाईतली तूर' म्हणत आणि आपल्या बाजूला 'इंग्रजी मुलूख' म्हणत. दक्षिणेला भीमा. तिच्या पलीकडे दौंडचा मुलूख आणि आगगाडी. थंडीतल्या पहाटे गाडीची शिट्टी नदीवरून आमच्या अंथरुणापर्यंत यायची. रेल्वे दौंडला नदी ओलांडून नगरकडं जायची, पण आमच्या वाट्याला फक्त तिची शिट्टी होती.

या बेचक्यावरच बापूंचं पोट होतं. मोगलाईकडून तूर, करडई, तूप, घोंगड्या यायच्या. पलीकडून मीठ, रॉकेल, कापड, काड्यापेट्या. वरच्या अंगाला राहू गावाकडून गुळाच्या ढेपा. सगळं आमच्या वखारीत टेकायचं आणि नावेतून इकडचं तिकडं व्हायचं. वखारीचा वास अजून नाकात आहे. गोणपाट, ओला गूळ, करडईचं तेल, आणि खाली कायम ओल धरलेली माती. रोहिणी लागायच्या आत मीठ अलीकडे आणून टाकायची घाई असे. सोयरिकीही नदी बघून व्हायच्या. पल्याड दिलेली मुलगी पंचमीला माहेरी येणार नाही, हे आईबाप आधीच मनाशी धरून चालत. पावसाळ्यात नदी मुलूख तोडायची. पाऊस पडायचा लांब मावळात, आणि आमच्याकडे कोरड्या आभाळाखाली पाणी चढायचं.

आतारमामा यायचे ते दिवाळीनंतर. मोगलाईतल्या आष्टीकडचा हा फिरता व्यापारी. अत्तर, अबीर, कापूर, हिंग, कुंकू, नाड्याचे गुंडे, काळे मणी. एक लाकडी पेटी, दोन गोण्या आणि पांढरट रंगाचं तट्टू. त्यांच्या येण्याचा सुगावा डोळ्यांच्या आधी नाकाला लागायचा. मला बोलावून ते कापसाचा फाया हिन्यात बुडवत आणि माझ्या कानाच्या घडीत अडकवत. "घ्या बाईसाहेब. आता सासरी जाईपर्यंत उतरायचा न्हाई." तो दुसऱ्या दिवशी उतरायचा आणि मी पुन्हा त्यांच्यापुढं जाऊन उभी राहायची.

त्यांच्या तट्टाची एक खोड होती. मोगलाईच्या शिवेवर पूर्वी करोडगिरीचा नाका होता. हद्द ओलांडणाऱ्या मालावर जकात घेणारा. नाका उठला, छपराचे वासेसुद्धा लोकांनी नेले, पण तट्टू त्या जागी आलं की आपोआप थांबायचं. लगाम ओढला तरी हलायचं नाही. थोडा वेळ गेला की आपणच चालू लागायचं.

"राज गेलं, नाका गेला," आतारमामा बापूंना सांगत, "पर ह्याला कुणी कळवलंच न्हाई, बापूशेट."

"तुझ्यापेक्षा इमानी हाय त्ये," बापू म्हणत. "तू चुकवायचास जकात, त्ये थांबून भरतंय."

"मी चुकवत न्हवतो. मी थोडं कमी सांगायचो."

आणि मग दोघं हसत. बापू फार हसणारे नव्हते. आतारमामांपुढे हसत.

तिथून पावसाळ्यापर्यंत ते बऱ्याचदा नदी ओलांडत. पलीकडे जाऊन रेल्वेनं आलेला माल उचलायचा, परत अलीकडे येऊन गावं घेत घेत मोगलाईत शिरायचं. परतताना ते दुपारीच पल्याडच्या काठाला पोचत आणि हाक देत, "बापूशेट, ओ बापूशेट!" शिवा नावाडी इकडून "ओ" म्हणायचा आणि नाव सोडायचा. दिवसा पहिल्याच हाकेला ओ असायची. म्हणूनच एवढ्या वर्षांत कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

कारण दिवेलागणीनंतर आमच्याकडे रीत वेगळी होती. अंधार पडला की पाण्यातल्या आसरा माणसाला ओढून न्यायला ओळखीच्या आवाजात हाका मारतात, पण त्यांना दोनच हाका मारता येतात. तिसरी हाक माणसाचीच. म्हणून दिवा लागल्यावर तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही आणि नाव सोडायची नाही. शिवानं ही गोष्ट मला नावेच्या काठावर बसून सांगितली होती, बिडी ओढत.

"आन् तिसरी पण आसरानंच मारली तर?" मी विचारलं.

"तिसऱ्या हाकेपातूर मानूस चिडलेलं आसतं, ताई. शिवी हासडतं. आसरा शिव्या देत न्हाईत."

एकदा पलीकडून गावचा न्हावी अंधारात ओरडत होता. दोन हाका झाल्या, कुणी हललं नाही. तिसऱ्या हाकेबरोबर त्यानं शिवाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि शिवा आनंदानं उठला. "पक्का मानूस हाय," म्हणत त्यानं वल्हं उचललं. आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. ते हसणं मला आता आठवू नये असं वाटतं, पण तेच आधी आठवतं.

आमिना आली ते भादव्याच्या तोंडाला. आतारमामांची एकुलती मुलगी, माझ्याच वयाची. आई नव्हती तिला. गौरीगणपतीच्या आधी माल उचलायचा म्हणून ते त्या वर्षी पावसाळ्यातच निघाले होते, आणि घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तिला तट्टावर बसवून घेऊन आले. वाटेत तिला हिवताप भरला. "दोन दिसांत येतो," ते आईला म्हणाले, "तवर हिला तुमच्या पदरात घ्या, वैनी." आईनं पडवीत माझ्या अंथरुणाशेजारी तिचं अंथरूण घातलं. तट्टू वखारीच्या आडोशाला बांधलं. आतारमामा पेटी घेऊन नावेत बसले. आमिना तापातही उठून पाण्यापर्यंत गेली. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात निजामाचं एक जुनं भोक पाडलेलं नाणं होतं, ते तिनं दातांत धरलं होतं.

ती बोलायची हळू. आमच्याकडच्या काही शब्दांना हसायची, आमच्या भाकरीला पातळ म्हणायची. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. संध्याकाळी तिनं ताकभात खाल्ला, आणि आम्ही दोघी चिंचोक्यांनी खेळत बसलो. आभाळ स्वच्छ होतं, एवढं की चांदण्या लवकर दिसायला लागल्या. नदीचा आवाज मात्र जड झाला होता. तिकडं वर मावळात कुठंतरी पाऊस कोसळत होता. आईनं तुळशीपाशी दिवा लावला. शिवा जेवायला येऊन दारात टेकला होता.

तेव्हा पलीकडून हाक आली.

"बापूशेट!"

चिंचोके आमिनाच्या हातातून सांडले. "अब्बा!" ती म्हणाली. तिचा चेहरा असा उजळलेला मी आधी पाहिला नव्हता आणि नंतर तर पाहणारच नव्हते.

शिवा उठला. बापूंनी हात वर करून त्याला थांबवलं. आई भाकरी थापत होती, तिचा हात परातीवर राहिला.

"ओ बापूशेट!"

दुसरी हाक जरा लांबलेली होती. पाण्यावरून येताना तिच्यात हेलकावा आला होता. आम्ही सगळे तिसरीची वाट बघत होतो. दिव्याची वात तडतडली. वखारीकडं तट्टू एकदा फुरफुरलं. नदी वाहत राहिली. तिसरी आली नाही.

बऱ्याच वेळानं शिवा खाली बसला. "आसराच," तो पुटपुटला. "आवाज कसा हुबेहूब काढला बगा."

बापू उठून अंगणात गेले, काठापर्यंत जाऊन उभे राहिले, परत आले. "उद्या यायचा हाय त्यो," एवढंच म्हणाले. आईनं भाकरी तव्यावर टाकली.

आमिनाला यातलं काही समजलं नव्हतं. बापू बाहेर गेले म्हणजे नाव सोडायलाच गेले, असं तिला वाटलं. ती पांघरुणात शिरली आणि मला हळूच म्हणाली, "अब्बा आले की मला उठव." मी "हो" म्हणाले.

सकाळी काठावर माणसं जमली होती. काहील सापडली होती. गूळ शिजवायची ती मोठी पसरट कढई. पुराच्या वेळी नाव नसली की तिच्यात बसून वल्हवत येण्याचं धाडस आमच्याकडची माणसं करायची. ती खालच्या अंगाला बाभळींत अडकून आडवी झाली होती. पल्याडच्या गुऱ्हाळाचा राखणदार शिवानं नावेतून अलीकडे आणला.

"म्या म्हनलं, सकाळी जावा," तो बापूंना सांगत होता. "पानी चढतंय म्हनलं. त्यो आभाळाकडं बगून म्हनला, पाऊस कुठाय? दोन हाका मारल्या, ओ न्हाई, माजी पोर हाय तिथं. आन् काहील वढलीच त्यानं."

आतारमामांच्या मुलखातली सीना नदी आपल्याच पावसानं भरते. वर स्वच्छ आभाळ असलं की ती निजलेली असते. आमची भीमा तशी नाही, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आमिना कधी येऊन मागे उभी राहिली ते कुणी पाहिलं नाही. तिनं बापूंचं धोतर ओढलं.

"तुम्ही ओ का न्हाई दिली?"

बापू तिच्याकडे बघत राहिले. "तिसरी हाक आली न्हाई, बाळ."

"तिसरी कशी ईल?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटत होतं. एवढी साधी गोष्ट मोठ्या माणसाला माहीत नसावी याचं. "तिसरी मय्यताला मारत्यात. जित्या माणसाला दोनच."



"दोन हाकांना ओ आली न्हाई म्हंजी त्या घरात कायतरी वंगाळ झालं, आसं समजायचं असतं," ती सांगत होती. मग सांगता सांगता तिचं तिलाच कळलं. ती माझ्याकडे वळली. मला तिनं उठवायला सांगितलं होतं.

आतारमामा दुपारी मिळाले. गावातल्या दोन-तीन मुसलमान घरांनी त्यांना ओढ्याकाठच्या कबरस्तानात मूठमाती दिली. बापू वेशीपर्यंत खांदा देऊन गेले. पेटी दुसऱ्या दिवशी गाळात सापडली, बाटल्या फुटलेल्या. पाणी ओसरल्यावर उताराच्या चिखलाला हिन्याचा आणि वाळ्याचा वास येत होता. पुढचे कितीतरी दिवस. बायका पाण्याला गेल्या की पदर नाकाला लावून परत येत. दुर्गंधीसाठी पदर लावतात तसा.

चूक कुणाची हे शोधायला मी त्या संध्याकाळीत किती वेळा जाऊन आले. एक रीत नदीच्या या काठावर पिढ्यान् पिढ्या माणसं वाचवत आली होती. दुसरी रीत त्या मुलखात तेवढ्याच जुन्या मायेनं पाळली जात होती. एकानं आपली पाळली, दुसऱ्यानं आपली. कुणीतरी खोटं वागलं असतं तर त्याच्यावर रागावून मोकळं होता आलं असतं. बापूंना ती वाटही नव्हती. आणि त्यांच्या घरात वाढलेल्या मला, त्यांच्या वखारीच्या तुरीवर आणि मिठावर शिकलेल्या मलाही नव्हती.

आमिनाला न्यायला तिचा चुलता आला. तिला तट्टावर बसवलं. आईनं तिच्या ओटीत भाकरी बांधून दिली, जाड थापलेल्या. ती निघाली, पायवाटेनं वळणापर्यंत गेली. आईला राहवलं नाही.

"आमिना!" आईनं हाक मारली. तिनं वळून पाहिलं नाही.

"आमिना, ओ आमिना!"

आता ती थांबली. मान वळवली. आईच्या ओठांवर पुढची हाक आलेली मी बघितली. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि तशीच उभी राहिली.

पुढं बापू दर वर्षी मोगलाईकडं जात. काय बोलत, कुणाकडं उतरत, ते आम्हाला सांगत नसत. आमिनाचं लग्न झालं तेव्हा ते मांडवात न जाता दूर उभे राहून आले, एवढं शिवाकडून कळलं. येताना नाक्याच्या जागेवर बापू बैलगाडी थांबवायचे, खाली उतरून थोडा वेळ उभे राहायचे आणि मग 'हाक गाडी' म्हणायचे, असंही शिवाच सांगायचा. त्यावर कुणी हसत नसे.

उताराची रीत त्यांनी मोडली. खाट काठावर आणून टाकली आणि वेळ कुठलीही असो, पल्याडून पहिली हाक आली की "ओ" म्हणत. शिवा आधी भ्याला, मग सरावला. वाऱ्याच्या आवाजालाही बापूंनी ओ दिलेली आहे. पूल झाला, नाव चिखलात कुजली, वखार गेली, बापू माझ्याकडे पुण्याला आले, तरी ते सुटलं नाही. खालच्या मजल्यावर कुणी आपल्या मुलाला हाक मारली की वर बापू ओ देत. भाजीवाल्याला देत. रेडिओला देत. शेजारी समजून घेत. म्हाताऱ्याचे कान गेले, म्हणत. कान त्यांचे शेवटपर्यंत तिखट होते.

शेवटच्या आठवड्यात ते बोलायचे थांबले. मी त्यांना "बापू" म्हणून हाक मारली की ओठ फक्त गोल व्हायचे. आवाज नसायचा. मी हाका मारणं कमी केलं. त्यांना श्रम होतात म्हणून, असं डॉक्टरांना सांगितलं.

पाणी पायाला थंड लागलं. मी कलशाचं फडकं सोडलं. बंधाऱ्यानं अडवलेलं पाणी आता वाहत नाही, त्यामुळे रक्षा कुठं गेली नाही. माझ्या घोट्यांभोवतीच राहिली, हळूहळू खाली बसली. वास कशाचाच आला नाही. मी ओंजळीनं पाणी नाकाशी नेलं, तरी नाही.

आतारमामांना मूठमाती दिली तेव्हा त्यांच्या मुलखाची ती तिसरी हाक कुणी मारली नव्हती. आमच्या गावच्या मुसलमानांना ती रीत माहीत नव्हती आणि आमिनाला, मुलगी म्हणून, घरीच ठेवलं होतं. हे मला कधीपासून माहीत आहे. बापूंनाही माहीत असणार. ज्यांनी ओ दिली नाही त्यांनी हाक कुठल्या तोंडानं मारायची, म्हणून ते आयुष्यभर नुसती ओ देत राहिले.

मी मागे पाहिलं. सुभाष वर गाडीपाशी होता. मी पाण्यात आणखी थोडी पुढं गेले. वर्गात आवाज चढवायची सवय होती मला, पण त्याला आता कितीतरी वर्षं झाली.

"आतारमामा!"

एकदाच. त्यांच्या दोन हाकांपुढची तिसरी.

पल्याडच्या उसातून लगेच, अगदी लगेच आवाज आला, "ओ!"

उसाची पाती हलली आणि खांद्यावर फावडं घेतलेला एक माणूस काठावर आला. डोक्याला टॉवेल, हात डोळ्यांवर धरलेला. उसाला पाणी देत, दारं धरत असावा.

"ओ! कोन हाय? कुनाला हाक मारली, बाई?"

वरून सुभाष विचारत होता, काय झालं आत्या, आणि समोरून तो माणूस माझ्या बोलण्याची वाट बघत उभा होता. किती साधेपणानं दिली होती त्यानं ती ओ. कोण, कुठली, काही माहीत नसताना.

"इकडं यायचं हाय का?" तो ओरडला. "नाव कवाच बंद झाली! पुलावरनं या!"

मी हात वर केला. ऐकलं, अशी खूण म्हणून. त्याला वाटलं मी अजून काही विचारते आहे. तोही हात वर करून तसाच उभा राहिला.